भाचीचा बाप्तिस्मा: फोटोंची तयारी कुठवर आली

महिन्यापूर्वी ताईचा फोन आला. "फोटो तूच काढ, बाहेरचा माणूस नको." जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण येतो, त्याच रविवारी दहाच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या सामूहिक उपासनेनंतर) भाचीचा बाप्तिस्मा आहे. वसईतला आमचा धर्मग्राम, म्हणजे एका चर्चखालचा परिसर, मोठा, त्यामुळे त्या दिवशी चार बाळं आहेत आणि आमचं तिसरं. क्रॉप (लहान) सेन्सरचा मिररलेस कॅमेरा, ३५ आणि ५० एमएमच्या, १.८ पर्यंत उघडणाऱ्या दोन लेन्स, एवढंच सामान आहे. नवीन काही घेणार नाही. चर्चच्या आत फोटो काढणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून झालेलं काम मांडतो.

पहिला रविवार

कॅमेरा घरीच ठेवला आणि ताईच्या मैत्रिणीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला जाऊन बसलो. आत्तापर्यंतच्या तयारीत यापेक्षा मोलाचं काही केलेलं नाही. सगळा विधी अर्ध्या तासाचा, पण तो एका जागी होत नाही. दारात स्वागत, बाळाचं नाव विचारणं आणि कपाळावर क्रुसाची खूण. मग बाकांवर बसून वाचन आणि प्रार्थना. मग छातीला तेल, बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी पाणी, टाळूवर क्रिस्मा हे पवित्र तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती. शेवटी सगळे वेदीपुढे. म्हणजे उजेड तीनदा बदलतो, आणि जागा बदलायला मला फक्त लोक चालत असतात तेवढाच वेळ मिळतो.

दाराशी मोठी अडचण आहे. फादर आतल्या बाजूला, घरचे उंबऱ्याबाहेर, त्यांच्या मागे सकाळचं ऊन. आतून काढला तर सगळे काळे दिसतील. म्हणून मी बाहेर, दाराच्या कडेला भिंतीला टेकून उभा राहणार. तिथून ताईचा चेहरा बाजूने मिळतो आणि कपाळावर येणारा फादरांचा अंगठाही.

कुंडापाशी फादर उजव्या हाताने शिंपल्यातून पाणी घालतात. त्यांच्या उजवीकडे उभं राहिलं की त्यांचं कोपर आड येतं. डावीकडे पुस्तक धरलेला वेदीसेवक असतो, पण त्याला अर्धं पाऊल मागे उभं राहायला सांगता येईल. जागा ठरली: फादरांच्या डावीकडे, कुंडापासून दीड मीटरवर, गुडघ्यावर. उभा राहिलो तर पहिल्या बाकावरच्या आजीला काहीच दिसणार नाही.

जागेसाठी इतका आटापिटा का, तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी चुलतभावाच्या मुलाच्या वेळी मी पाण्याच्या मागे लागलो होतो. थेंब न् थेंब लखलखीत आला. वहिनीचा चेहरा मात्र चौकटीबाहेर कापला गेला. ती कधी काही बोलली नाही, पण त्या क्षणाचा तिचा स्वतःचा एकही फोटो तिच्याकडे नाही. मला ते आजही लागतं. यावेळी फोटो ताईचा आणि भाचीचा आहे, पाणी त्यानंतर.

फादरांशी बोलणं

विधीत फ्लॅश नाही, वेदीच्या पायरीवर चढायचं नाही, वाचन चालू असताना हलायचं नाही. शेवटच्या कौटुंबिक फोटोला फ्लॅश चालेल. मला हे सगळं मान्यच होतं. मी फक्त विचारलं, पाणी तीनदा घालता तेव्हा मध्ये किती थांबता? ते हसले आणि हाताने करून दाखवलं. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. प्रत्येक नावाला एकदा पाणी. म्हणजे संधी तीन. पहिल्या पाण्याला बाळ दचकतं, तिसऱ्यापर्यंत बहुतेक रडायला लागतं, आणि दुसऱ्या वेळी आईची नजर हमखास बाळावर असते. माझा फोटो दुसरा.

नारळावरचा सराव

घरी सोललेला नारळ टोपावर धरून बायकोला शिंपल्याने पाणी घालायला लावलं. वीस सेंटीमीटरवरून पडणारं पाणी खाली पोचेपर्यंत सेकंदाला जवळपास दोन मीटर वेग घेतं. शटर १/१०० सेकंद उघडं ठेवलं तर तेवढ्यात ते दोन सेंटीमीटर सरकतं आणि फोटोत धाग्यासारखं दिसतं, १/५०० ला चार मिलिमीटर, म्हणजे थेंब गोठतात. घरच्या खिडकीत १/५०० सुंदर दिसला.

चर्चमध्ये तो चालत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात, आणि कुंडावरच्या ट्यूबखाली १/५०० ला फोटोभर काळे-पिवळे पट्टे आले. १/१०० ला दिव्याचा एक पूर्ण फेरा उघडझापेत मावतो, पट्टे जातात, आणि आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटरही वापरता येतं. शिवाय २.८ अ‍ॅपर्चरला (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) १/१०० साठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० लागतो. १/५०० साठी सोळा हजार लागला असता. धागा तर धागा. मला आता तो थेंबांपेक्षा जास्त आवडायला लागलाय, पाणी ओतलं जातंय हे त्यात कळतं.

१.८ वर ३५ एमएमने दीड मीटरला जेमतेम तेरा सेंटीमीटर खोलीपर्यंतच स्पष्ट राहतं. ताई वाकली तरी तिचा आणि बाळाचा चेहरा त्यात मावणार नाही. २.८ ला वीस सेंटीमीटर मिळतात. फोकस बाळाच्या कपाळावर, ताई किंचित मऊ आली तरी चालेल.

लाल लुगडं

हे मला आधी सुचलंच नव्हतं. आमची आजी, म्हणजे भाचीची पणजी, वसईतल्या कुपारी ख्रिस्ती समाजाच्या पद्धतीचं लाल लुगडं नेसते. गेल्या आठवड्यात तिने बाळाला मांडीवर घेतलं, मी दोन फोटो काढले, आणि बाळाचा पांढरा झगा गुलाबी दिसला. उजेड लुगड्यावर आपटून झग्यावर उतरत होता. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातला रंगांचा समतोल) बदलला तर आजीचा चेहरा निळसर पडतो. उपाय साधा निघाला: खिडकी बाळाच्या बाजूला ठेवायची, म्हणजे झग्यावर थेट उजेड पडतो आणि लाल छटा फक्त सावलीत उरते. तेवढी मी काढणार नाही. ती आजीच्या लुगड्याची आहे.

पांढऱ्या झग्याला फसून कॅमेरा फोटो काळपट करतो, म्हणून एक्स्पोजर हातानेच ठेवणार, लेस पांढरीफटक पडणार नाही इतपत वर. सगळं रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये.

उरलेलं

मेणबत्तीचा सराव राहिलाय. पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून बाळाचे वडील छोटी पेटवतील, तेव्हा मला तीन पावलं मागे सरावं लागेल आणि लेन्स ५० ची लागेल. लेन्स बदलायची की ३५ वरच राहायचं, अजून ठरत नाही. कुणी केलं असेल तर सांगा.

पहिल्या दोन बाळांच्या वेळी शटर दाबणार नाही. ती दुसऱ्यांची मुलं आहेत. फक्त फादरांचा हात बघेन.

काल चर्चची व्यवस्था बघणाऱ्या सॅक्रिस्टन काकांना भेटून शेवटच्या कौटुंबिक फोटोसाठी व्हरांड्यातली, दक्षिणेच्या खांबाजवळची जागा मागून घेतली. साडेअकराला तिथे सावली असते आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून मऊ उजेड येतो. आजीला फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून तिची खुर्ची आधीच तिथे ठेवलेली असेल.