आमची वाटचाल : तीन वह्यांची एक वही

आई नौपाड्यातल्या घरून मसाले विकायची. डंकावर कांडून आणलेले, ओळखीच्या घरांपुरते. पुढे दादाने आणि मी रबाळे एमआयडीसीत भाड्याने गाळा घेतला. माल तीनच : गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि मेतकूट. खप वाढला, दुकानं वाढली, तरी महिनाअखेरीला हातात काही उरत नव्हतं.

दादा उत्पादन बघायचा. कांदा-लसूण दळल्यावर पल्व्हरायझर, म्हणजे दळायचं यंत्र, धुऊन वाळवायला अर्धी पाळी जाते, आणि लसणाचा वास राहिला तर मेतकूट वाया. म्हणून तो एकेक माल महिनाभराचा एकदम दळून ठेवायचा. गोदाम आणि बँकेचं कॅश क्रेडिट (धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज) वहिनीकडे. शिल्लक पोती म्हणजे व्याज, तेव्हा तिचा आग्रह कमीत कमी साठ्याचा. टेम्पो माझ्याकडे, आणि तो पुरता भरल्याशिवाय मी डोंबिवली-कल्याणला सोडत नसे. आपापल्या वहीत तिघांचाही हिशेब चोख होता.

पण तीन वह्यांचा एकमेकींशी मेळ नाही, हे एका श्रावणात उघडं पडलं. श्रावणात बऱ्याच घरी कांदा-लसूण बंद असतो आणि सणासुदीच्या स्वयंपाकाला गोडा मसाला लागतो. आमच्या गोदामात नेमका कांदा-लसूण मसाला भरलेला. गोडा संपलेला, तो दळायचा तर धणे-खोबरं आणायला खात्यात पैसे नाहीत. दुकानदार फोन करून थकले आणि त्यांनी दुसऱ्याचा माल लावला. त्यातली दोन दुकानं आजही परत आलेली नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

माझी मुलगी तेव्हा इंजिनीअरिंगला होती. तिने फोर्ड हॅरिस यांचं १९१३ सालचं सूत्र समजावलं : यंत्र एका मालावरून दुसऱ्या मालाला लावण्याचा खर्च आणि माल सांभाळण्याचा खर्च यांचा मेळ घालून लॉट, म्हणजे एका वेळी किती दळायचं ते, ठरवायचा. त्यात वर्गमूळ असल्यामुळे मागणी चौपट झाली तरी लॉट दुप्पटच होतो. दादा सरळ चौपट करत होता. पण ते सूत्र मागणी वर्षभर सारखी धरतं, श्रावण त्यात बसत नाही. दर आठवड्याला बदलणाऱ्या मागणीसाठी वॅग्नर आणि व्हिटिन यांनी १९५८ साली वेगळी रीत मांडली. टेम्पोचं भाडं मात्र या दोन्हींत नाही, ते आम्हालाच जोडावं लागलं.

म्हणून आधी गाडीचे वार ठरवले. मंगळवारी डोंबिवली-कल्याण, शुक्रवारी ठाणे आणि घोडबंदर रोड. त्यावरून दळणाचा क्रम : पहिल्यांदा मेतकूट, मग गोडा, शेवटी कांदा-लसूण. वास चढत जातो, त्यामुळे मोठी धुलाई आठवड्यातून एकदाच. लॉट लहान झाले, धुलाई वाढली नाही. टेम्पो कधी पाऊण भरलेलाच निघतो. सुरुवातीला ते माझ्या जिवावर यायचं. पण तीन आठवडे पडून वास उडालेला मसाला त्या रिकाम्या जागेपेक्षा महाग पडतो, हे वहिनीने आकडे मांडून दाखवलं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो बदल पॅकिंगचा. पूर्वी दळलं की लगेच ५०, १०० आणि २०० ग्रॅमची पाकिटं भरायचो. हवी ती पाकिटं कमी, नको ती पडून. आता मसाला मोठ्या हवाबंद पिशव्यांत ठेवतो आणि गाडीच्या आदल्या दिवशी ऑर्डरप्रमाणे पाकिटं भरतो. एका दुकानाचा खप वाढतो तेव्हा दुसऱ्याचा घटलेला असतो, त्यामुळे एकत्र ठेवलेला थोडा साठाही पुरतो.

म्हापशाची भाड्याची खोलीही गेली. इथून थेट गोव्यातल्या दुकानांना विकलं तर केंद्रीय विक्रीकराचा २ टक्क्यांचा बोजा पडायचा, तो टाळायला आपलाच साठा तिथे ठेवून तिथून विकत होतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्या खोलीचं कारणच संपलं. आता गोव्याचा माल रबाळ्याहूनच जातो.

दर सोमवारी चहाला आम्ही तिघं एकाच वहीवर बसतो. यंदा श्रावणासाठी धणे-खोबऱ्याची खरेदी वाशीच्या मसाला बाजारातून आषाढाआधीच झाली. पुण्याची गाडी आठवड्याने सोडायची की पंधरवड्याने, यावर दादाचं आणि माझं अजून जमलेलं नाही.