२८ हजारांवर अडलेला सर्व्हर

सकाळी कांद्याचे लिलाव सुरू झाले की भाव दाखवणाऱ्या आमच्या ॲपवर झुंबड उडते. प्रत्येक फोनचं सर्व्हरशी एक वेबसॉकेट कनेक्शन, म्हणजे सतत जोडलेली दुतर्फा वाट, उघडं असतं. भाव नोंदला गेला की त्याच क्षणी सगळ्यांच्या हातात पोचतो.

एका सोमवारी जोडलेल्या फोनांचा आकडा २८ हजारांच्या थोडा वर गेला आणि तिथेच थांबला. नवे फोन जोडलेच जाईनात. मेमरी निम्मी मोकळी, सीपीयू निवांत. फाइल डिस्क्रिप्टरची, म्हणजे एका प्रोसेसला एका वेळी उघड्या ठेवता येणाऱ्या फाइली आणि कनेक्शनांची, १०२४ची मर्यादा तर आम्ही सुरुवातीलाच वाढवली होती. शेवटी एनजिनएक्सच्या, म्हणजे फोन आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसून कनेक्शन पुढे पोचवणाऱ्या प्रॉक्सीच्या, लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसली: ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’, म्हणजे मागितलेला पत्ता देता येत नाही.

घोटाळा या मधल्या प्रॉक्सीत होता. बाहेरचे सगळे फोन ४४३ या एकाच पोर्टवर (पोर्ट म्हणजे कनेक्शनच्या टोकाचा क्रमांक) आले तरी चालतं, कारण प्रत्येकाचा आयपी आणि पोर्ट मिळून वेगळी जोडी होते. पण आमचं ॲप चालवणाऱ्या आतल्या नोड सर्व्हरकडे जाताना एनजिनएक्सला दर फोनमागे एक नवं कनेक्शन उघडावं लागतं, आणि त्यासाठी स्वतःकडचा एक मोकळा पोर्ट लागतो. लिनक्स हे पोर्ट मुळात ३२७६८ ते ६०९९९ एवढ्यातूनच देतं. म्हणजे २८,२३२. आमचा आलेख नेमका तिथे आडवा झाला होता! साध्या वेबपानांना ही टंचाई सहसा जाणवत नाही, पोर्ट लगेच परत मिळतो. वेबसॉकेट तो तासन्‌तास धरून ठेवतं.

ही मर्यादा मात्र समोरच्या एका आयपी-पोर्टपुरती असते. म्हणून नोडच्या चार प्रोसेस चार वेगळ्या पोर्टांवर उभ्या केल्या आणि भाव रेडिसच्या पब-सबमधून, म्हणजे एक संदेश सगळ्या ऐकणाऱ्यांना देणाऱ्या सोयीतून, चौघींना पोचवले. आकडा पुन्हा चढू लागला.

खरी धास्ती मला रीस्टार्टची वाटते. सर्व्हर बंद होऊन उठला की हजारो फोन एकाच सेकंदाला परत धडकतात आणि टीएलएसच्या हँडशेकमध्येच, म्हणजे सुरक्षित कनेक्शन जुळवण्याच्या सुरुवातीच्या देवाणघेवाणीतच, सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो. आता कनेक्शन तुटलं की प्रत्येक फोन ० ते ३० सेकंदांमधला कुठलाही एक क्षण निवडून परत येतो, आणि नवी आवृत्ती आम्ही लिलाव आटोपल्यावर, एकेक प्रोसेस करत चढवतो.

मधल्या वेळात स्क्रीनवर शेवटचा भाव त्याच्या वेळेसकट राहतो. दहा मिनिटांपूर्वीचा भाव आत्ताचा समजून कुणी भरलेला ट्रॅक्टर माघारी वळवू नये, म्हणून ती वेळ भावाइतक्याच मोठ्या अक्षरात ठेवली आहे.