तुम्ही विचारलंत म्हणून: तीन एकरांना सरकार विचारतं का?

गणपतीत भाजीचं टेबल लावून बसले की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "एवढ्याशा शेताला सरकारी मदत मिळते? तीही न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत?"

मिळते. माझं शेत तीन एकरांचं, तेही भाड्याचं.

लोकांची गल्लत होते ती कराच्या सवलतीमुळे. न्यू जर्सीत १९६४च्या कायद्याने शेतजमिनीला मालमत्ता करात सूट आहे, पण तिला निदान पाच एकर लागवडीखाली हवेत आणि त्यातून वर्षाला किमान १,००० डॉलरची विक्री. आपण त्यात बसत नाही म्हटल्यावर लोक पुढे चौकशीच करत नाहीत. ती सूट राज्याची. हाय टनेल (प्लॅस्टिकचं, बिनहीटरचं पॉलीहाऊस) किंवा छोट्या कर्जासारख्या केंद्राच्या योजनांना पाच एकरांची अट नाही.

सुरुवात फार्म नंबरपासून, म्हणजे केंद्राच्या कृषी खात्याकडे शेताची नोंद करून मिळणाऱ्या क्रमांकापासून. त्याच खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीच्या ऑफिसात मी भाडेकरार आणि ओळखपत्र घेऊन गेले. तिथल्या बाईंनी विमानातून घेतलेला फोटो उघडला. एकीकडे गोदामाचं छप्पर, दुसरीकडे टाउनहाउसची रांग, मधे हिरवी पट्टी. "हेच का?" म्हणत त्यांनी तिच्याभोवती रेघ ओढली. सातबाऱ्यावर नाव लागल्यावर आजोबांना काय वाटलं असेल, ते मला त्या खुर्चीत कळलं. या नोंदीला पैसे पडत नाहीत. ५०,००० डॉलरपर्यंतचं छोटं कर्जही याच ऑफिसातून मिळतं.

मला हवं होतं हाय टनेल. त्यासाठी इक्विप (EQIP) ही केंद्राच्या कृषी खात्याची अनुदान योजना आहे. अर्जांना गुण देऊन क्रम लावतात. माझा पहिल्या वर्षी लागला नाही, दुसऱ्या वर्षी लागला. जमीनमालकाची लेखी संमती लागली. रोपं जमिनीतच लावायची, कुंड्या चालत नाहीत.

आणि हे मात्र नीट ऐका. योजनेच्या करारावर सही होण्याआधी सांगाड्याचा एक खांबही रोवू नका. आधी काम सुरू केलं की त्या कामाचे पैसे मिळत नाहीत. ओळखीच्या एका शेतकऱ्याने सीझन हातचा जाईल म्हणून घाई केली आणि सगळा खर्च त्याच्या अंगावर पडला. फार वाईट वाटलं. एरवी पैसे काम तपासल्यानंतर येतात, पण शेतीत दहा वर्षं न झालेल्यांना मदतीचा दर जास्त असतो आणि निदान निम्मी रक्कम आगाऊ मागता येते. मी मागितली. नाहीतर सांगाडा आणायला माझ्याकडे पैसेच नव्हते.

मार्चमध्ये बाहेरचं गवत गोठून कडक झालेलं असतं आणि आत मेथी बोटभर उंच. प्लॅस्टिकवरून थेंब मानेवर पडतात.

तुमच्याकडे जागा असेल तर भाडेकरार घेऊन या. पहिला अर्ज माझ्या स्वयंपाकघरात बसून भरू.