एवढी आरईबीटीवाली बाई फ्रॉइडकडे कशी गेली?

"मॅडम, तुम्ही तर पक्क्या आरईबीटीवाल्या. मग हे फ्रॉइडचं खूळ कुठून शिरलं?"

एमएच्या मुली विचारतात. कार्यशाळेत चहाच्या वेळी शिक्षक विचारतात. ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलं ते सहकारी विचारतात, तेव्हा आवाजात थोडी काळजी असते, घरातली शहाणी बाई एखाद्या बुवाच्या नादी लागल्यावर असते तशी. आजवर मी "दोन्ही वापरते हो" म्हणून बिस्किटाच्या बशीकडे वळायचे. ते उत्तर खोटं नाही, पण पळपुटं आहे. आता तुम्ही विचारलंतच, तर एकदाच सविस्तर सांगते. आरईबीटी म्हणजे अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धत: त्रास देणारे विचार पकडायचे आणि बदलायचे. फ्रॉइडचं मनोविश्लेषण म्हणजे मनात दडलेल्या, लहानपणापासूनच्या भावनांचा शोध.

आधी जे मी मानत नाही ते. इडिपस गंड, म्हणजे मुलाला आईची ओढ आणि वडिलांशी चढाओढ, हा प्रत्येक मुलाच्या वाट्याला येतोच, हे मी मानत नाही. बालपणाच्या विकासाच्या त्याने सांगितलेल्या मौखिक आणि गुदीय अवस्था परीक्षेत लिहून मार्क मिळवले, त्यापुढे आमचा संबंध आला नाही. बायकांविषयी फ्रॉइडने जे लिहिलं त्यातलं बरंचसं वाचताना आजही डोकं फिरतं. आणि माझ्या खोलीत फ्रॉइडसारखा रुग्णाने आडवं पडायचा कोच नाही. दोन वेताच्या खुर्च्या आहेत, त्यातली एक करकरते.

"व्हिएन्नातल्या श्रीमंतांचं शास्त्र आपल्याला कसं लागू पडणार?" हा प्रश्नही कृपा करून नवा म्हणून विचारू नका. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. फ्रॉइडला ते कधी भेटले नाहीत, पत्रांतून मात्र वाद घातला. आपले रुग्ण युरोपातल्यांसारखे वागत नाहीत, त्यांच्यात ते खच्चीकरणाचं भय तेवढं ठळक दिसत नाही, हे त्यांनी खुद्द फ्रॉइडला कळवलं, आणि १९३१ मध्ये विष्णूची हस्तिदंती मूर्तीही भेट पाठवली. म्हणजे 'आपल्याकडे हे चालत नाही' हा आक्षेप इथल्याच माणसाने, आत शिरून, शंभर वर्षांपूर्वीपासून घेतलेला आहे. आपण बाहेर उभं राहून घेतो, एवढाच फरक.

मीसुद्धा बाहेरच उभी होते. व्याख्यानात माझा एक ठरलेला विनोद असायचा: फ्रॉइडकडे गेलात तर पाच वर्षांनी कळेल की चूक आईची होती, एलिसकडे गेलात तर पाच मिनिटांत कळेल की चूक 'च'ची आहे. हमखास हशा. मराठीत अल्बर्ट एलिस जेवढा रुजला तेवढा दुसरा कुठला पाश्चात्त्य मानसोपचारतज्ज्ञ क्वचितच रुजला असेल. 'मला यश मिळालंच पाहिजे', 'लोकांनी मला चांगलं म्हटलंच पाहिजे' यातला 'च' पकडायचा, त्याला आव्हान द्यायचं. शाळेच्या पालकसभेतही हे समजतं. एलिस स्वतः मनोविश्लेषण शिकून, करून, कंटाळून बाहेर पडला आणि १९५५ च्या सुमारास त्याने स्वतःची पद्धत मांडली. विचार बदलण्यावरच भर देणाऱ्या दुसऱ्या पद्धतीच्या जनकाचं, एरन बेकचं, तर आणखी गमतीदार. नैराश्य म्हणजे स्वतःकडे वळवलेला राग, हे फ्रॉइडचं १९१७ च्या निबंधातलं म्हणणं सिद्ध करायला म्हणून त्याने नैराश्यग्रस्तांची स्वप्नं तपासली. राग सापडला नाही, सापडलं ते अपयश आणि गमावलेपण. तिथून त्याची वाट बदलली. हे मी फार विजयाने सांगायचे.

मग वसंतराव आले. (नाव, व्यवसाय, गाव, सगळं बदललं आहे. लिहिण्याआधी त्यांना विचारलं आहे आणि मजकूर वाचून दाखवला आहे.)

पन्नाशीच्या आतले, नोकरीत वरच्या जागेवर. पहाटे चारला जाग यायची, जेवण जात नव्हतं, आपण सगळ्यांवर ओझं आहोत असं वाटायचं. मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू होत्या. मी विचारनोंद, म्हणजे त्रास देणारे विचार लिहून तपासायची पद्धत, शिकवली आणि दुसऱ्याच आठवड्यात ते दोनशे पानी वही घेऊन आले. पट्टीने आखलेले सात रकाने: प्रसंग, भावना, विचार, बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा, पर्यायी विचार, आता भावना किती. शीर्षकं लाल शाईत, मजकूर निळ्या. 'मी सगळ्यांना सांभाळलंच पाहिजे' हा 'च' पहिल्याच महिन्यात हाती लागला. त्यांनी तो इतका सुरेख खोडून काढला की ते पान मी, त्यांची परवानगी घेऊन, एका कार्यशाळेत दाखवलं. नैराश्याच्या प्रश्नावलीत १८ वर असलेले गुण ९ वर आले. माझ्या लेखी केस उत्तम चालली होती.

त्याच सुमारास माझे वडील गेले. सगळ्या क्लायंटना एकच मेसेज पाठवला आणि दिवसकार्य होईपर्यंत क्लिनिक बंद ठेवलं.

परत बसायला लागले त्या पहिल्या दिवशी वसंतराव साडेचारला आले. वही मांडीवर ठेवली, उघडली नाही. माझ्याकडे पाहून म्हणाले, "मॅडम, तुम्ही जेवलात का?"

मी जेवले नव्हते. घसा दाटून आला. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांना सगळं सांगावंसं वाटलं: आयसीयूबाहेरची रात्र, भावाशी झालेलं भांडण, सगळं. त्यांनी ऐकूनही घेतलं असतं, फार चांगलं ऐकलं असतं. मग त्यांनी वही उघडली. माझ्या गैरहजेरीतला एकही दिवस कोरा नव्हता, आणि मी नव्हते म्हणून त्यांनी स्वतःच लाल पेनाने बरोबरच्या खुणा केल्या होत्या. शेवटच्या पानावर एक सूचना: 'मॅडमना त्रास नको, सेशन आज अर्धा तासच ठेवावं.'

आणि मला पहिल्या भेटीतला फॉर्म आठवला. त्यात माझ्याच अक्षरात एक ओळ होती: 'आईचं दीर्घ आजारपण, वय ८'. धाकट्या बहिणीच्या जन्मानंतर आईने अंथरूण धरलं होतं, वडील फिरतीवर. आठ वर्षांचा मुलगा ताट घेऊन दारात उभा राहायचा आणि विचारायचा, "आई, जेवतेस का?" हे त्यांनी सांगितलं होतं. मी एका ओळीत बसवून पुढे गेले होते, कारण आमच्या पद्धतीत भूतकाळ फारसा लागत नाही.

मी विचारलं, "मी नव्हते तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?"

"तुमचे वडील गेले, मॅडम. मला काय वाटायचंय?"

"थोडा राग आला असेल तर तेही चालेल."

त्यांचा चेहरा बदलला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. "म्हणजे साध्या चौकशीतही तुम्ही आजार काढणार? आपल्याकडे सुतक झालेल्या माणसाला जेवलात का हे विचारायचं नाही, तर काय विचारायचं?" वही मिटली, पूर्ण तासाची फी टेबलावर ठेवली, आणि वेळ शिल्लक असताना निघून गेले. पुढचे दोन आठवडे आले नाहीत.

मी हे दोघींना सांगितलं. माझी जुनी सहकारी म्हणाली, "तू एका सज्जन माणसाचा अपमान केलास." मुंबईच्या ज्येष्ठ मनोविश्लेषक बाई, ज्यांच्याकडे मी नुकतंच सुपरव्हिजन, म्हणजे माझ्या केसेसवर मार्गदर्शन घेणं, सुरू केलं होतं, त्या म्हणाल्या, "राग आला ना? छान झालं." मला दोघींचाही राग आला.

कारण सहकारीचं म्हणणं सोडून देण्यासारखं नव्हतंच. फ्रॉइडची डोरा नावाची रुग्ण आठवा. अठरा वर्षांची मुलगी. तो जे जे अर्थ लावायचा त्यांना ती नाही म्हणायची, आणि तिचं 'नाही' तो दडपलेलं 'होय' म्हणून मोजायचा. तीनेक महिन्यांत, १९०० च्या अखेरच्या दिवशी, ती उठून गेली. ट्रान्सफरन्स, म्हणजे जुन्या नात्यांतल्या भावना थेरपिस्टवर लादल्या जाणं, वेळेत ओळखता आला नाही, असं त्याने पुढे १९०५ मध्ये स्वतःच छापलं. पण क्लायंट कबूल झाला तर सिद्धांत खरा आणि नाकबूल झाला तर 'विरोध', म्हणून पुन्हा सिद्धांतच खरा, हा जो पेच आहे त्यातून ही विद्या अजून पूर्ण सुटलेली नाही. विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याने नेमकं हेच धरलं होतं. वसंतराव चिडले याचा अर्थ माझा नेम लागला, असं मी म्हणू शकत नाही. चुकीच्या ठिकाणी बोट ठेवलं तरी माणूस चिडतो.

तिसऱ्या आठवड्यात ते आले. वही आणली नव्हती. बराच वेळ पंख्याकडे पाहत बसले आणि म्हणाले, "राग आला होता. पण त्या दिवशी नाही, त्याच्या आधी. तुमचा मेसेज आला तेव्हा पहिला विचार आला, आता हिलाही सांभाळायचं. मग त्याची इतकी लाज वाटली की वही भरत बसलो."

सात रकाने, शेकडो नोंदी, आणि हा एक विचार त्या वहीत नव्हता.

इथे माझ्यातली जुनी आरईबीटीवाली मला अडवते. म्हणते, हे नवीन काय? 'सांभाळलंच पाहिजे' हा 'च' आपण पकडलाच होता की. पकडला होता, बाई. त्याने तो खोडलाही. पण खोडला तो मला बरं वाटावं म्हणून! सांभाळण्याची सवय मोडायचा गृहपाठ तो मला सांभाळण्यासाठी करत होता, आणि मी त्याला शाबासकी देत होते. वहीत काय लिहिलंय हे तपासायला माझ्याकडे उत्तम साधनं होती. वही कोणासाठी लिहिली जातेय हे विचारायला नव्हतं, आणि ते मला या दुसऱ्या, फ्रॉइडच्या घराण्यात मिळालं.

त्याच घराण्यातल्या डेव्हिड मॅलनने १९७९ च्या पुस्तकात दोन त्रिकोण मांडले. एकाची टोकं: दडलेली भावना, तिची भीती, त्या भीतीवरचा बचाव. दुसऱ्याची: आजची माणसं, लहानपणची माणसं, आणि समोर बसलेला थेरपिस्ट. वसंतरावांचा राग, त्याची लाज, त्यावरची नीटनेटकी वही. बायको-भाऊ, आई, मी. आता प्रत्येक केसच्या कागदावर मी हे दोन त्रिकोण पेन्सिलीने काढते. पुष्कळदा दोन-तीन टोकं रिकामी राहतात. ती बळंच भरायची नाहीत, एवढं मी शिकले आहे.

आणि माझा दाटलेला घसा? फ्रॉइड म्हणेल तो अडथळा, आधी स्वतःचं निस्तर. मनोविश्लेषक पाउला हायमान १९५० मध्ये म्हणाली की थेरपिस्टच्या मनात उठतं ते क्लायंटविषयी काहीतरी सांगतं, ते ऐका. मला त्यांना सगळं सांगावंसं वाटलं, यावरूनच मला कळलं की आसपासच्या सगळ्यांना त्यांच्याशी बोलताना काय होत असणार.

तरीही 'जेवलात का'चं कोडं सुटत नाही. भारतीय मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकींनी १९७३ मध्येच लिहिलं होतं की आपल्याकडचं उपचाराचं नातं गुरू-शिष्याच्या वळणाने समजून घेता येईल. त्या वळणाने पाहिलं तर गुरूच्या घरी सुतक असताना शिष्याने चौकशी करणं ही फक्त रीत आहे, आजाराचं लक्षण नव्हे. भारतीय मनोविश्लेषक सुधीर काकर वाचताना मला धीर येतो, कारण संस्कृती आणि नेणीव (मनाचा आपल्याला न कळणारा भाग) यांतली एक निवडा असं ते म्हणत नाहीत. पण धीर येणं म्हणजे उत्तर मिळणं नव्हे.

"पुरावा काय?" हे विचारणाऱ्यांसाठी: जोनाथन शेडलरने २०१० मध्ये या मनोविश्लेषणातून आलेल्या पद्धतीच्या बाजूने आकडेवारी मांडली, त्यावर टीकाही झाली. २०१७ मध्ये क्रिस्टियाने स्टाइनर्ट आणि सहकाऱ्यांनी २३ चाचण्या एकत्र तपासल्या आणि इतर मान्य पद्धतींच्या तोडीचा परिणाम दिसतो असं सांगितलं. तोडीचा, सरस नव्हे. म्हणजे माझ्या बदलण्याचं कारण आकड्यांत नाही, हे मी लपवत नाही.

आणि पैसा, वेळ. सटाण्याहून एसटीने एकदाच येणाऱ्या, पुढच्या वेळी येईलच याची खात्री नसलेल्या मुलीला मी त्रिकोण काढून दाखवत नाही. तिला झोपेचं वेळापत्रक, एक विचारनोंद आणि गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञांची चिठ्ठी देते. पुढच्या महिन्यातली 'विचारनोंद कशी भरावी' ही कार्यशाळाही मीच घेणार आहे. फक्त तो आईच्या चुकीचा विनोद आता करत नाही.

वसंतराव त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ येत राहिले. कधी उशिरा आले, एकदा फी विसरले, भावाच्या कर्जाला जामीन राहायला नाही म्हणाले. शेवटी मी विचारलं, कशाने फरक पडला? म्हणाले, "गोळ्या, सकाळचं चालणं आणि वही." आणि ते जेवणाचं प्रकरण? "ते तुमचं होतं मॅडम. तुमचे वडील गेले होते."

सुपरव्हिजनमध्ये हे सांगितलं तर बाई म्हणाल्या, हाही बचावच. मला मात्र वाटतं, ते बरोबर असू शकतील.