येऊ द्या, येऊ द्या

मुंबईत गाडी चालवायला शिकणं फारसं कठीण नाही, कारण गाडी चालतच नाही. सकाळी दहाला दादर टीटीला पहिला गिअर, दुसरा गिअर, परत पहिला, एवढ्यावर भागतं. खरी विद्या आहे ती गाडी उभी करण्याची. तीही फुटपाथच्या कडेला, दोन उभ्या गाड्यांच्या मधे, रिव्हर्समध्ये. पॅरलल पार्किंग.

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर ही विद्या फाइव्ह गार्डनच्या आसपासच्या रस्त्यांवर शिकवायचे. लर्निंग लायसन्स मिळालं की पक्क्या लायसन्सच्या परीक्षेआधी किमान 30 दिवस थांबावं लागतं. हे 30 दिवस कशासाठी, ते सकाळी सातला तिथे गेलं की कळतं. पांढऱ्या पाटीवर लाल एल लावलेल्या गाड्या एकामागून एक गचके खात असतात आणि मॉर्निंग वॉकवाले काका-काकू त्यांना वाट देऊन झाडाला चिकटून उभे असतात.

मास्तरांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा क्लच आणि ब्रेक. त्यामुळे त्यांचा आवाज कधीही चढायचा नाही. "मॅडम, पुढच्या गाडीच्या बरोबरीला या. मधे हातभर जागा ठेवा. आता मागे. तिचा मागचा बंपर तुमच्या मागच्या काचेत आला? फुल लेफ्ट. हाफ क्लच, हाफ क्लच. आता उजव्या आरशात बघा. मागच्या गाडीचे दोन्ही दिवे दिसले? स्टेअरिंग सरळ. येऊ द्या मागे. तुमचं नाक पुढच्या बंपरमधून सुटलं? फुल राइट." आणि गाडी खरोखरच फुटपाथला समांतर. सगळी अक्कल मास्तरांची, हात फक्त आपले.

इतका खटाटोप मागून का, नाकानेच का शिरायचं नाही, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "वळतात ती पुढची चाकं, मॅडम. मागची नुसती फरपटत येतात." एवढ्यात सगळं आलं. पुढून शिरलं तर मागची चाकं आतून वळण कापतात, म्हणून एक तर मागचा दरवाजा शेजारच्या बंपरला लागतो, नाही तर डिकी रस्त्यावर राहते आणि बेस्टचा ड्रायव्हर आपला उद्धार करतो. मागून शिरलं की न वळणारी चाकं आधी कडेला लागतात आणि वळणारं तोंड शेवटी आत घेता येतं. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं, हा त्यातला बारकावा मोटारीच्याही आधीचा, घोडागाडीच्या काळातला. त्याचं पेटंट 1818 मध्ये लंडनला रुडॉल्फ ॲकरमनच्या नावावर झालं. कल्पना मात्र म्युनिकच्या लँकेन्स्पर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्याची होती. आजही ती ॲकरमनच्या नावानेच ओळखली जाते. कष्ट एकाचे, पाटी दुसऱ्याची, हे काही आपल्याकडेच घडतं असं नाही.

मास्तरांच्या खुणांची गंमत अशी, की त्या त्यांच्याच गाडीला लागू. घरची गाडी घेतली की मागची काच लहान, बॉनेट लांब, सीट खाली. फाइव्ह गार्डनला 'पुढची गाडी' असायची तिथे आमच्या गल्लीत भाजीची हातगाडी असते आणि तिला बंपर नसतो.

1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 15 वा नियम परीक्षेत काय काय बघावं ते सांगतो. त्यात गाडी मागे नेत डावीकडच्या किंवा उजवीकडच्या मर्यादित जागेत नीट शिरवता येते का, हेही आहे. मर्यादित जागा! हा शब्द लिहिणाऱ्याने गिरगावातली एखादी गल्ली मनात धरली असावी, असं मला उगाच वाटतं. नियम गृहीत धरतो की हे काम ड्रायव्हर एकटा करणार. मुंबईत गाडी एकट्याने लावलेली मी तरी पाहिलेली नाही. रिव्हर्सचा दिवा लागला की कुठून तरी एक माणूस उगवतो. तो वॉचमन असेल, इस्त्रीवाला असेल, नाही तर नुसताच कुणाची तरी वाट बघत उभा असेल. तो डिकीवर थाप मारतो आणि सुरू करतो, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बस्स!" या 'बस्स'चा आणि गाडी लागण्याचा नेमका कालक्रम आपण विचारायचा नसतो. त्याला पैसे नको असतात. गाडी लागली की तो मागे वळूनही न बघता चालू लागतो.

सेन्सर आल्यावर ही माणसं कमी होतील असं वाटलं होतं. 1 जुलै 2019 नंतर तयार झालेल्या मोटारींना रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. पण सेन्सर फक्त टीं टीं करतो, आणि मुंबईत मागे सतत काही ना काही असल्यामुळे तो टीं टीं थांबतच नाही. माणूस निदान "जरा राइट मारा" असं तरी सांगतो.

सोसायटीच्या आवारातला प्रकार आणखी निराळा. तिथे मागच्या रांगेतल्या गाड्या हँडब्रेक न लावता न्यूट्रलमध्ये ठेवायच्या, म्हणजे पुढच्याला निघायचं असेल तर तो त्या ढकलून वाट करतो. सकाळी ऑफिसचे कपडे घातलेले सभ्य गृहस्थ शेजाऱ्याच्या गाडीला खांदा देऊन ढकलताना दिसतात. वरच्या मजल्यावरून त्यांची बायको "आमच्या कुंड्या सांभाळा हो" म्हणत असते. परीक्षेला हे विचारत नाहीत, पण विचारायला हवं.

परीक्षेच्या दिवशी मला घाम फुटला तो शांततेने. इन्स्पेक्टर साहेबांनी काठ्यांच्या मधून गाडी मागे घ्यायला सांगितली आणि पुढे अक्षर बोलले नाहीत. मागे कुणी नाही, थाप नाही, बस्स नाही. मी मनातल्या मनात मास्तरांच्या आवाजात स्वतःलाच "हाफ क्लच, हाफ क्लच" म्हणत राहिले. काठी पडली नाही. साहेबांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि पुढच्याला हाक मारली.

लायसन्स पोस्टाने घरी आलं त्या आठवड्यात मी शिवाजी पार्कपाशी एका रिकाम्या फटीत गाडी घालायला गेले. लगेच डाव्या बाजूने शहाळीवाला आला, "लेफ्ट घ्या, ताई, लेफ्ट." उजव्या बाजूला बाइकवर बसलेला पार्सलवाला मुलगा म्हणाला, "लेफ्ट नको, आधी पुढे काढा, सरळ करा." शहाळीवाल्याने कोयता टपरीवर ठेवला. "तू गाडी चालवतोस का कधी?" "मग काय, ही काय आहे?" "ही बाइक आहे रे!" दोघांची अशी जुंपली की माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. मी आरशात दोन दिवे बघितले, स्टेअरिंग सरळ केलं, नाक सुटल्यावर फुल राइट मारलं आणि इंजिन बंद करून खाली उतरले.

शहाळीवाल्याने वळून पाहिलं, गाडी लागलेली दिसली, आणि पोराला म्हणाला, "बघ. सांगत होतो ना, लेफ्ट." मग मला विचारलं, "पाणीवालं देऊ का मलईवालं?"