डिकीवरचं नाव

पद्मिनी गाडीला पद्मिनी म्हणणारा माणूस मला पुण्यात अजून भेटायचाय. पेट्रोल पंपावर, मंगल कार्यालयाच्या दारात, सोसायटीत, जिथे जावं तिथे ‘ती फियाट कुणाची हो?’ असंच ऐकू येतं. मागे डिकीवर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. मालक तर मुळीच नाही, तो आत बसलेला असतो. गाडीचं नाव मागून येणाऱ्यासाठी लिहितात आणि मागून येणारा हॉर्न वाजवण्यात दंग असतो. कुणीच वाचत नाही अशा या मोनोग्रामच्या, म्हणजे धातूच्या अक्षरांतल्या नावाच्या पायी मी आणि माझ्या सासऱ्यांनी एक अख्खा उन्हाळा घालवला.

गाडी बाबांची, म्हणजे सासऱ्यांची. सेकंडहॅण्ड घेतलेली, दुधी रंगाची. कागदोपत्री ती १९८० सालची प्रीमियर पद्मिनी. डिकीवर मात्र ‘डिलाइट’. आधीच्या मालकाने कुठून तरी मिळवून हौसेने लावलेलं असणार.

यात लबाडी म्हणावी तर तशी फार नाही, कारण कंपनीनेही वेगळं काय केलं? वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जुळवल्या जात, मग फियाट आली. एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी एकाहून एक झोकदार नावं लागली. १९६४ पासून ११०० डी या मॉडेलची गाडी निघू लागली, ती डिलाइट. सत्तरच्या दशकात फियाटचं नाव गेलं तेव्हा तीच गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. पुढे ग्रिल बदललं, आतबाहेर थोडी डागडुजी झाली, पण मूळ चौकोनी घडण आणि १०८९ सीसीचं इंजिन शतक संपेपर्यंत टिकलं. थोडक्यात, गाडी तीच राहिली आणि नावं बदलत गेली. म्हणून मला वाटतं, या गाडीचा इतिहास लिहायचा तर तो बॉनेट उघडून नाही, मोनोग्राम वाचूनच लिहावा लागेल. आणि नेमकं तेच आमच्याकडे खोटं होतं.

“बाबा, ही डिलाइट नाही,” मी एकदा धीर करून म्हटलं.

“जावईबापू, तुमच्या लग्नाच्या आधीपासून ती डिलाइट आहे,” ते म्हणाले. विषय संपला.

तो पुन्हा उघडला मोनोग्राम काढताना. ते नुसतं साफ करून क्रोम चढवून आणायचं ठरलं होतं. जुन्या गाड्यांची मोनोग्राम चिकटवलेली नसतात. मागे पिना असतात, त्या पत्र्याच्या भोकांतून आत जातात आणि आतून स्प्रिंगच्या स्पीड नटांनी धरलेल्या असतात. घाईने पुढून उचकटलं तर पीन तुटते आणि पत्र्यालाही पोचा येतो. बाबांचं आयुष्य भोसरीत टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे आणि हत्यारं बनतात तिथे गेलं, त्यामुळे ते डिकीत अर्धे आत शिरून एकेक नट तेल सोडून सैल करत होते आणि मी बाहेरून टॉर्च धरून होतो. डिलाइट निघालं. खाली, सहज दिसणार नाहीत अशी, लांबी म्हणजे पुट्टी भरून बुजवलेली जुनी भोकं होती. पद्मिनीची.

बाबा बराच वेळ त्या भोकांवरून नख फिरवत राहिले. मग म्हणाले, “बघा मिळतंय का.”

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे काही हवं असेल तर ते हवंय असं चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, हे बाबांचं तत्त्व. आम्ही नळाच्या तोट्या बघितल्या, कुलपं बघितली, एका बंद घड्याळाचा भाव केला आणि मग सहज म्हणून ‘पद्मिनी’ उचललं. “मुंबईच्या टॅक्सीचं आहे, ओरिजिनल,” विक्रेता म्हणाला. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचा रस्त्यावरचा शेवटचा दिवस २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये झाला. तेव्हापासून जुन्या बाजारातली प्रत्येक गोष्ट मुंबईच्या टॅक्सीची असते, अगदी आरसेसुद्धा.

मोनोग्राम जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव होतं आणि क्रोमवर पुरळ उठलं होतं. सजावटीच्या क्रोमचा थर एक मायक्रॉनही, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भागही जाड नसतो. खरं संरक्षण त्याखालचं निकेल करतं आणि त्याच्याही खाली तांबं असतं. या थरांत कुठे बारीक छिद्र राहिलं की ओल आत जाते, जस्त फुगतं आणि वर फोड येतो. लोखंडाचा भाग आम्लात बुडवून साफ करता येतो, जस्ताचा बुडवला तर भागच विरघळायला लागतो. त्यामुळे प्लेटिंगवाले असलं काम बघितलं की कपाळाला आठ्या घालतात. खड्डे एकेक कोरून काढायचे, तांब्याने भरायचे, बफिंग करायचं, आणि बफिंगवाल्याचा हात जरा जड पडला की अक्षरांच्या कडाच गुळगुळीत व्हायच्या. आम्ही ते सगळं टाळलं. पुरळ राहू दिलं. झाकण्यापेक्षा दिसलेलं बरं, असं माझं मत आणि बाबांचंही, फक्त त्यांचं कारण खर्च हे होतं.

रंगवायचा होता तो पुढचा बिल्ला. वरून तो गुलाबी दिसत होता. काढल्यावर कडेच्या खाचेत, जिथे ऊन पोचलं नव्हतं तिथे, मूळचा गडद लाल सापडला. लाल रंग उन्हाला सगळ्यात आधी शरण जातो. युरोपातल्या काही जुन्या गाड्यांचे बिल्ले मिन्याचे असतात, धातूवर काचेची पूड आठशेएक अंशांना भाजून केलेले. त्यांचा टवका उडाला की कुंचल्याने भरणं ही निव्वळ समजूत. आमचा साधा रंगाचा होता, सुदैव.

बोहरी आळीतून तैलरंगाचा छोटा डबा आणला. रंग खोलगट भागात भरायचा असतो आणि उंच अक्षरं कोरी ठेवायची असतात, पण अक्षरं चुकवत रंगवणं हा वेडेपणा आहे. त्याऐवजी बोथट सुईच्या सिरिंजने थेंब सोडायचा आणि सुईच्या टोकाने त्याला वाट दाखवायची. रांगोळीत रंग भरावा तसंच, फक्त इथे रंग स्वतःहून कोपऱ्यापर्यंत चालत जातो आणि कडेला थांबतो. ते बघत बसण्यासारखं दुसरं सुख मला त्या उन्हाळ्यात मिळालं नाही. मग वर पातेलं पालथं घालायचं, धूळ बसू नये म्हणून. साय धरली की अक्षरांवरचा जादा रंग पुसायचा. कापड बोटाला गुंडाळलं तर ते खाचेत उतरतं आणि आतलाच रंग ओढून आणतं, म्हणून ते सपाट लाकडी ठोकळ्यावर ताणून घ्यायचं, टर्पेंटाइनने जेमतेम ओलं करायचं आणि एकाच दिशेने फिरवायचं. एनसी थिनर, म्हणजे लॅकर पातळ करायचं जहाल द्रावण, वापरायचं नाही, ते सगळंच घेऊन जातं.

बाबा शेजारी भिंग घेऊन बसले होते. जुना रंग उतरवताना त्यांनी एक गोष्ट पकडली होती. एका अक्षराच्या पायावर मूळचा, कारखान्यातला रंग ओघळून तसाच वाळला होता. इतकी वर्षं आम्ही ज्याला ओरिजिनल म्हणून मान देत होतो ते कुर्ल्यातल्या कुणाचं तरी शिफ्ट संपतानाचं काम होतं. आता पेच असा, की तो ओघळ पुन्हा काढायचा का? मी म्हटलं काढूया, तेच खरं. टूलरूमचा माणूस दुखावला. “चूक ती चूक,” असं म्हणून त्यांनी ठोकळा माझ्या हातातून घेतला आणि पाय स्वच्छ पुसून टाकला.

डिकीचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. पद्मिनी आपल्या जुन्या भोकांत चपखल बसली, पण डिलाइटची भोकं आता उघडी पडली. डेंटिंगवाला म्हणाला, बुजवतो, पण मग डिकी रंगवावी लागेल, आणि डिकी रंगवली की उरलेली गाडी तिच्यापुढे जुनी दिसेल. तो कुठे निघालाय ते आम्हाला कळलं. बाबांनी भोकांत रबरी बुचं बसवली आणि आतून ग्रीस लावलं, पावसाचं पाणी नको म्हणून.

“कायमची बुजवू या की,” मी म्हटलं.

“राहू देत. उद्या मन बदललं तर?”

डिलाइट त्यांच्या कपाटात आहे, पिनांना तेल लावून. आणि परवाच्या रविवारी जुन्या बाजारात कुलपं बघता बघता त्यांनी एक ‘सुपर सिलेक्ट’ हातात घेतलं. मी त्यांना भाव विचारू दिला नाही.