मेम्फिस बेल एकदा आवाज बंद करून बघा

दुसरं महायुद्ध चालू असतानाच काढलेल्या विमानांवरच्या डॉक्युमेंटरी हा माझा अतिशय आवडता विषय आहे आणि त्यातली सुरुवातीला कुठली बघू असं कोणी विचारलं की मी डोळे झाकून हॉलिवूडच्या विल्यम वायलर या दिग्दर्शकाची 'द मेम्फिस बेल' सांगते, मेम्फिस बेल हे एका अमेरिकन बॉम्बर विमानाचं नाव. 1944 ची आहे, जेमतेम पाऊण तासाची आणि चक्क रंगीत. अमेरिकन सरकारने काढलेली असल्यामुळे कॉपीराइटची भानगड नाही, नेटवर फुकटात मिळते. फक्त एक करा, एकदा नेहमीसारखी बघून झाली की दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघा.

कारण असं की विमान हवेत असताना क्रूचं इंटरकॉमवरचं जे बोलणं आपल्याला ऐकू येतं, फायटर कुठून येतोय, कोणाला लागलं, कोण ओरडतंय, ते सगळं नंतर अमेरिकेत स्टुडिओत भरलंय. चार इंजिनांच्या त्या घरघरीत आवाज रेकॉर्ड करणं तेव्हा शक्यच नव्हतं. बोलणारे त्याच क्रूमधले लोक आहेत हे खरं, पण बोलले ते जमिनीवर, सुखरूप परत आल्यावर. चित्र मात्र तिथलंच, हवेतलंच आहे. आणि आवाज चालू असला की आपण गोष्ट ऐकत बसतो आणि त्या चित्राकडे नीट बघतच नाही असा माझा अनुभव आहे.

ते चित्र कसं मिळालं ते आधी कळायला हवं. बेल हे बी-17 जातीचं विमान, म्हणजे फ्लाइंग फोर्ट्रेस, दहा माणसांचा क्रू, इंग्लंडमधल्या बॅसिंगबोर्नच्या तळावरून उडायचं आणि जर्मनी नाहीतर जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सवर बॉम्ब टाकून परत यायचं, तेही दिवसाढवळ्या. उंची 25 हजार फुटांच्या आसपास, आतमध्ये आजच्या विमानांसारखं प्रेशर वगैरे काही नाही, सगळ्यांच्या तोंडाला ऑक्सिजन मास्क, मधल्या भागात दोन्ही बाजूंना मशीनगनसाठी उघड्या खिडक्या आणि त्यातून उणे 40 अंशांचं वारं आत येतंय. हातमोजा काढून उघड्या हाताने धातूला धरलं तर कातडीच चिकटून बसायची. अशा ठिकाणी हातात 16 मिमीचा छोटा कॅमेरा घेऊन एक माणूस उभा आहे, बाजूला गनर त्याच खिडकीतून गोळ्या झाडतोय, कॅमेरा गोठून बंद पडू शकतो आणि जवळ आलेलं जर्मन विमान फ्रेममध्ये डोळ्याची पापणी लवेपर्यंतच राहणार आहे. म्हणून फिल्ममध्ये जिथे जिथे चित्र हादरतं, फोकस जातो, फायटर अर्धवटच दिसतो आणि निसटतो, तिथे मी व्हिडिओ मागे नेऊन परत बघते. रंगही त्या छोट्या कॅमेऱ्यामुळेच मिळाले, कोडाक्रोम या रंगीत फिल्मची रीळ त्यात बसायची आणि नंतर ते चित्र मोठं करून थिएटरच्या 35 मिमी प्रिंट काढल्या. तेव्हाच्या रंगीत सिनेमांसाठी वापरायचे तो टेक्निकलरचा मोठा कॅमेरा त्या विमानात शिरलाच नसता.

वायलरच्या टीममध्ये हॅरोल्ड टॅननबॉम नावाचा माणूस होता. हा मूळचा हॉलिवूडमधला साउंडवाला. आता विमानात आवाज रेकॉर्डच होत नाही तर साउंडवाल्याने करायचं काय, त्याने कॅमेरा हातात घेतला आणि मोहिमांवर जायला लागला. एप्रिल 1943 मध्ये फ्रान्समधल्या ब्रेस्टवर गेलेल्या मोहिमेत त्याचं विमान पाडलं गेलं आणि तो गेला. मला हे वाचल्यापासून ती फिल्म वेगळीच दिसायला लागली. वायलर स्वतःही मोहिमांवर जात होता आणि तो ज्यू, जर्मनांच्या हातात सापडला असता तर त्याचं काय झालं असतं हे सांगायला नको.

आवाज बंद करून बघाल तेव्हा एक जागा चुकवू नका. शेजारचं एक बी-17 फटका बसून कोसळतंय, गिरक्या घेत, पण एवढं मोठं धूड असल्यामुळे अगदी सावकाश कोसळल्यासारखं वाटतं. साउंड असताना इंटरकॉमवर कोणीतरी पॅराशूट मोजत असतं, बाहेर पडा म्हणून विनवत असतं. आवाज नसला की मोजायचं काम आपल्यावर येतं, आपणच डोळे ताणून त्या निळ्या पडद्यावर पांढरे ठिपके शोधायला लागतो. एक दिसतो, मग अजून, मग वाट बघा. आत दहा माणसं होती.

आणि दुसरी जागा जमिनीवरची. विमानं परत यायची वेळ झालीये, ग्राउंड क्रूवाले गवतात बसलेत, आभाळाकडे बघतायत, आणि विमानं दिसायला लागली की मोजतायत. यात एकही गोळी नाही, स्फोट नाही, पण माझ्या मते अख्ख्या फिल्ममधला सगळ्यात ताकदीचा भाग हाच. मग जखमींना उतरवतात, तिथेच विमानाच्या सावलीत रक्त चढवतात.

आता फिल्म सांगते की ही बेलची पंचविसावी मोहीम, जर्मनीतल्या विल्हेल्म्सहाफेनवरची. 25 झाल्या की क्रू सुटला, घरी. प्रत्यक्षात बेलचा पायलट रॉबर्ट मॉर्गन आणि त्याच्या क्रूची पंचविसावी मोहीम 17 मे 1943 ला फ्रान्समधल्या लॉरियाँवर झाली, आणि फिल्ममधलं चित्रण वेगवेगळ्या विमानांतून, वेगवेगळ्या मोहिमांत घेतलेलं एकत्र जोडलंय. त्यावरून काही लोक लगेच प्रोपगंडा म्हणून मोडीत काढतात. प्रोपगंडा होताच, सरकारने पैसे त्याचसाठी दिले होते. मला खटकतं ते वेगळंच, खाली बॉम्ब फुटतायत तिथे धूर सोडून काही दिसत नाही, त्या धुराखाली गाव आहे, माणसं आहेत, याबद्दल फिल्म अवाक्षर काढत नाही. पण म्हणून त्या गनरचं गोठलेलं तोंड खोटं होत नाही ना.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे 1941 ची ब्रिटिश 'टार्गेट फॉर टुनाईट', हॅरी वॉटची. ब्लॅक अँड व्हाइट, रात्रीच्या हल्ल्याची, वेलिंग्टन बॉम्बर, नाव 'एफ फॉर फ्रेडी'. विमानाच्या आतले सीन स्टुडिओत सेट लावून घेतलेत, टार्गेटचं गावसुद्धा काल्पनिक, पण कामं करणारे सगळे खरेखुरे आरएएफवाले, म्हणजे ब्रिटिश हवाई दलातले. पायलट झालेला पर्सी पिकार्ड तर इतका निवांत वावरतो की हा अभिनय करतोय असं वाटतच नाही, रोजच्या कामाला निघाल्यासारखा निघतो. हाच पिकार्ड फेब्रुवारी 1944 मध्ये फ्रान्समधल्या आमियँच्या तुरुंगावरच्या हल्ल्यात मारला गेला. तेव्हा तो मॉस्किटो जातीचं विमान चालवत होता आणि त्याही विमानाचं अक्षर एफच होतं.

वायलरचं पुढे काय झालं तेही सांगते. 1945 मध्ये इटलीत तो पी-47 फायटरवाल्यांवर 'थंडरबोल्ट' करत होता, शूटिंगसाठी बी-25 बॉम्बरमधून उडाला आणि इंजिनांच्या आवाजाने त्याचे कान गेले. एका कानाने पुढे थोडंफार ऐकू यायला लागलं, दुसरा कायमचा गेला. तरीही पुढच्याच वर्षी त्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांवर 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' केला, त्यात एक माजी बॉम्बार्डियर, म्हणजे विमानातून बॉम्ब टाकणारा, भंगारात काढलेल्या बी-17 च्या नाकात जाऊन बसतो तो सीन बघा, मेम्फिस बेल बघितल्यावरच बघा.

बेलसाठी शूट केलेलं न वापरलेलं कित्येक तासांचं फुटेज अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये पडून होतं, त्यातूनच 2018 मध्ये एरिक नेल्सनने 'द कोल्ड ब्लू' केली, सगळं साफ करून, जिवंत असलेल्या जुन्या क्रूवाल्यांचे आवाज त्यावर घालून. चित्र इतकं स्वच्छ आहे की गनरच्या मास्कवर जमलेला बर्फ दिसतो. आणि खरं विमान बघायचं असेल तर ते ओहायोत डेटनच्या एअर फोर्स म्युझियममध्ये आहे, बरीच वर्षं डागडुजी चालली होती, मे 2018 पासून लोकांसाठी ठेवलंय. अमेरिकेत असलेल्यांपैकी कोणी डेटनला जाऊन आलं असेल तर मधल्या खिडकीपाशी उभं राहायला जागा नक्की किती असते ते मला प्लीज कळवा, दोन गनर आणि एक कॅमेरावाला तिथे एकत्र मावत कसे होते ते मला अजून डोळ्यासमोर आणता येत नाहीये.